वायंगणकर काकांची फाईल

आमच्या हॉटेलच्या कँटीनमध्ये चहा संपला असं मावशींनी सांगितलं, की वायंगणकर काका गंभीर चेहऱ्याने विचारायचे, "लेखी आसा?" एकदा मावशींनी वैतागून खरंच बिलाच्या मागे ‘चहा संपला’ असं लिहून दिलं. काकांनी त्यावर तारीख घालून घेतली आणि कागद फाईलला लावला.

मरोळच्या या हॉटेलात तळघरात कपड्यांचं स्टोअर आहे. चादरी, टॉवेल आणि आमचे युनिफॉर्म, सगळं काकांच्या ताब्यात. नवीन माणसाने एचआरकडून भरून आणलेला नोकरीचा फॉर्म दाखवायचा आणि युनिफॉर्म घ्यायचा. मी घ्यायला गेले तेव्हा त्यांनी माझ्या फॉर्मची झेरॉक्स काढून ठेवली.

"कशाला हो काका?"

"कागद कधी कामाक येतलो, कोण सांगतलो?"

मला वाटलं, म्हातारा चक्रम आहे. भर मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेली. दुसरं काय म्हणणार?

गेल्या महिन्यात नोटीस लागली. अंगावर दिसेल असा टॅटू यापुढे चालणार नाही, असेल तर पंधरा दिवसांत काढून टाका. माझ्या डाव्या मनगटावर माझ्या मुलीचं नाव आहे, सई. आम्ही दोघीच, आणि घर माझ्या एकटीच्या नोकरीवर. मी मनगटाला पट्टी गुंडाळून टेबलांवर वाढायला जायला लागले. "लागलं का?" पाहुणे विचारायचे. मी हो म्हणायची आणि ट्रे घेऊन पुढच्या टेबलाकडे वळायची.

माझ्याच शिफ्टच्या दीपाला एचआरने बोलावलं. बाहेर आली ती रडतच. ‘स्वखुशीने राजीनामा देत आहे’ अशा छापील कागदावर तिने घाबरून सही करून टाकली होती. पुढचा नंबर माझा होता.

धुतलेला ॲप्रन घ्यायला गेले तर काकांनी माझा चेहरा पाहिला. "सही केलंस?"

"नाही. उद्या बोलावलंय."

"करू नको. मी येतंय."

दुसऱ्या दिवशी माझ्याआधी फाईल केबिनमध्ये शिरली, तिच्यामागे काका. त्यांनी माझ्या फॉर्मची झेरॉक्स एचआरच्या साहेबांसमोर ठेवली. ‘ओळखीची खूण’ या रकान्यात एचआरनेच लिहिलं होतं: डाव्या मनगटावर ‘सई’ असं गोंदलेलं.

"साहेब, बघून घेतलात ना हिका कामाक? मग आता कशाक काढूचा?"

साहेब गोड हसले. "काका, तुम्ही आत तळघरात सुरक्षित आहात. तुमचा काय संबंध?"

काकांनी फाईल टेबलावर ठेवली. मग डाव्या बाहीचं बटण काढायला लागले. एका हाताने ते निघेना. शेवटी मीच काढलं. आत हिरवट, पसरलेली अक्षरं होती: ‘बाबलो’, म्हणजे काकांचं घरचं नाव, आणि त्याखाली त्यांच्या वाडीचं नाव.

"संबंध लेखी आसा," काका म्हणाले, आणि तीच खूण नोंदलेला स्वतःचाही फॉर्म पुढे सरकवला.

साहेबांचं हसू गेलं. वर विचारून कळवतो म्हणाले. तोपर्यंत सही नको.

जिना उतरताना काका मध्येच पायरीवर बसले. "ल्हानपणी जत्रेत आयेन गोंदून घेतल्यान. हरवलंय तर कोण तरी घराक पोचवीत. हॉटेलातले लोक हसतले म्हणान झाकून ठेवलंय."

"आई आहेत?"

"गेली. घर पण पडला. आता हरवलंय तर पोचवतले खंय?"

त्यांचं दुःख ऐकत होते, तरी तोंडून निघालं ते माझंच. "काका, जाईल का हो माझी नोकरी?"

"नाय जाऊची. भियाव नको."

"लेखी आहे?"

काकांनी फाईलमधून कोरा कागद काढला. मांडीवर धरून लिहिलं, ‘भिऊ नको.’ खाली सही केली, तारीख घातली. कागद माझ्या हातात देता देता थांबले.

"एक झेरॉक्स माका पण दी," म्हणाले.