कावळा शिवेपर्यंत

सुगंधाबाईंवर गेल्या मंगळवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी अन्याय झाला. त्या वेळी त्यांना जाऊन दहा दिवस झाले होते. जिवंत माणसांवर अन्याय करायला आमच्या ग्रामपंचायतीला कामाचे दिवस पुरतात. मेलेल्यांसाठी तिनं सकाळची जादा पाळी सुरू केली आहे, असं दिसतं.

सुगंधाबाईंच्या वतीनं बोलणाऱ्या माणसाच्या हातातून भर दहाव्यात माईक काढून घेण्यात आला. तो माणूस म्हणजे किसनआप्पा. त्यांना तुम्ही ओळखत नसाल, तर तुमच्या घरात अलीकडे कोणी वारलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

कारण आप्पा एकही दहावा चुकवत नाहीत. तळेगाव ढमढेऱ्यापासून पार दौंडच्या अंगाला कासुर्डी, भांडगावपर्यंत, जीपमध्ये लटकून, खांद्यावर घोंगडी टाकून, आप्पा हजर. ओळख लागत नाही, निरोप लागत नाही. "लग्नाला बोलवावं लागतं. दहाव्याला एक माणूस मेला तरी भागतं," असं त्यांचं म्हणणं.

आमच्याकडचा दहावा म्हणजे निम्मा विधी आणि निम्मी सभा. नदीच्या घाटावर मांडव, सतरंज्या, कर्णे. आधी प्रवचन, मग श्रद्धांजलीची भाषणं. सरपंच बोलतात, माजी सरपंच बोलतात, सरपंच होऊ घातलेले चौघे बोलतात. मग पिंड ठेवतात आणि सगळे कावळ्याची वाट बघतात. कावळा शिवेपर्यंत कुणी उठायचं नाही. शिवला नाही तर गेलेल्याची काहीतरी इच्छा राहिली, असं धरतात आणि घरचे एकेक वचन द्यायला लागतात.

या रिवाजाचा राजकीय उपयोग आप्पांइतका कुणालाच कळला नाही. ते मला सांगायचे, "पोरी, सरपंच घरी गेलं तर पूजेत. ऑफिसात गेलं तर पुण्याला. फोन केला तर मीटिंगला. दहाव्यात मातर मांडी घालून बसतोय, आन् कावळा शिवंपर्यंत उठाय येत न्हाई. मागणी तिथंच करायची."

मी पत्रकं काढते. आमच्या कृती समितीत तीन माणसं आहेत; त्यातला एक झेरॉक्सवाला आहे, म्हणून समिती चालते. शाळेपुढच्या उघड्या गटारीबद्दल आम्ही ग्रामपंचायतीला तीन निवेदनं दिली. तिन्हींवर 'पोहोच' असा शिक्का मिळाला. निवेदन पोहोचलं, पुढे कुठे गेलं ते शिक्क्याला माहीत नाही.

मग शाळेतले जुने गुरुजी वारले. दहाव्याला पिंड ठेवला, कावळा आंब्यावर बसून राहिला. मोठा मुलगा म्हणाला, "आईला सांभाळू." कावळा ढिम्म. धाकटा म्हणाला, "वाटण्या करणार नाही." ढिम्म. सूनबाई म्हणाल्या, "गीतेचं पुस्तक रोज वाचू." कावळ्यानं मान फिरवली. ऊन चढलं. सरपंच घड्याळाकडं बघायला लागले, तेवढ्यात मागून आप्पा उठले.

"घरातलं काय न्हाई ते. गुरुजींचा जीव गटारीत अडकलाय."

"कुठल्या गटारीत?" सरपंच.

"शाळंपुढल्या. पहिलीतलं पोरगं पडलं, तवापास्नं गुरुजींना झोप न्हवती. तुम्ही सांगा, झाकून देतो म्हणून."

सरपंचांनी चारी बाजूंना बघितलं. सगळं गाव त्यांच्याकडं बघत होतं, आणि वरून कावळाही. "देतो झाकून," ते म्हणाले. "कवा?" आप्पा म्हणाले. "पंधरा दिवसांत." आप्पांनी टोपी काढली, गुडघ्यावर दोनदा झटकली, परत घातली. कावळा खाली आला आणि पिंडाला शिवला. बायका डोळे पुसायला लागल्या. पंधराव्या दिवशी गटारीवर फरश्या पडल्या.

माझा कावळ्यावर विश्वास नाही, हे मी पत्रकात लिहिलेलं आहे. पण माझी तीन निवेदनं एका बाजूला आणि एक पक्षी दुसऱ्या बाजूला, असा हिशेब समोर आला की माणसाला राग येतो. त्या रागातच मी बघायला लागले. दवाखान्यातल्या नर्सबाईंची रिकामी जागा एका पैलवानाच्या दहाव्यात भरून निघाली. बसथांब्यावरचं छप्पर एका आजींच्या दहाव्यात आलं. प्रत्येक वेळी वचन मिळालं की आप्पा टोपी झटकायचे, आणि कावळा यायचा.

एके दिवशी मी सकाळी सहालाच घाटावर गेले. आप्पा पायरीवर एकटेच. शेवेचा पुडा उघडा. टोपी काढून दोनदा झटकली, शेव टाकली, दोन कावळे उतरले. परत टोपी, परत शेव.

"आप्पा, ही फसवणूक आहे."

"कुणाची?"

"लोकांची. श्रद्धेची."

"आन् तुझ्या निवेदनावर शिक्का मारत्यात ती कुणाची?" त्यांनी शेवेचा पुडा माझ्यापुढं धरला. "माझा बाप शीळ घालायचा तर दोनशे मेंढरं वळायची. ही दोन पाखरं हायेत. घे, खा."

मी खाल्ली नाही. मग खाल्ली. पुढं ते सांगत राहिले: घाटावर पूर्वी कावळ्यांनी आभाळ भरायचं. कंपन्या आल्या, झाडं गेली, माणसं वाढली, दहावे वाढले. "आता एका एका कावळ्यावर किती लोड यायचा? तरीबी बघ, साडेसातला हजर. ग्रामसेवक अकराला येतोय."

वाढलेल्या माणसांत मीही आहे. वेशीवर गावची लोकसंख्या रंगवलेली आहे. ती मोजली तेव्हा मी दुसरीत होते, तेही परभणीकडे. म्हणजे त्या आकड्यात मी नाही. माझे वडील नाहीत. कारखान्यांच्या मागं माळावर पत्र्याच्या खोल्या आहेत, त्यातलं कुणीच नाही. या खोल्या गावातल्याच लोकांनी बांधल्या, भाडं गावच घेतं. पण घरमालक भाडेकरार लिहून देत नाहीत, करार नाही म्हणून मतदार यादीत नाव लागत नाही, आणि नाव नाही म्हणून गावची पाइपलाइन माळाच्या अलीकडे ओढ्यापाशी थांबते. पाइपालाही यादी वाचता येते. आम्हाला टँकर येतो. कधी येतो ते टँकरलाच ठाऊक.

सुगंधाबाई माझ्या शेजारच्या खोलीतल्या. मुलगा मनोज कंपनीत कंत्राटी. सुगंधाबाईंचं काम एकच, टँकरची वाट बघणं. दिवसभर डब्यांची रांग लावून तिच्या टोकाला बसायच्या. आप्पांचं कांद्याचं रान माळाला लागून, त्यामुळं येता-जाता बोलणं व्हायचं.

"काय सुगंधाबाई, आला का तुमचा जावई?"

"न्हाई ओ आप्पा. रुसलाय जणू." मग हसून म्हणायच्या, "मला काय नको बघा. एकदा दारात नळ यावा, आन् म्या उगंच सोडून बघावा. भांडं बी न लावता."

त्या तापानं गेल्या. गावी न्यायला मनोजला रजा मिळेना, म्हणून सगळं इथंच झालं.

मंगळवारी घाटावर दोन दहावे होते. एक गावातल्या मोठ्या बागायतदारांचा. मांडव, कर्णे, दोन गावचे सरपंच, गाड्यांची रांग. दुसरा वीस पावलांवर, खालच्या पायरीवर, सुगंधाबाईंचा. मनोज, मी, खोल्यांमधल्या सहा-सात बायका आणि विधी सांगणारे एक गुरुजी, ज्यांना साडेनऊला दुसरीकडं पोचायचं होतं. पिंड दोन्हीकडं ठेवले. कावळा कुठंच नाही.

श्रद्धांजलीला आप्पा उठले आणि मांडवातल्या माईकपाशी गेले.

"बागायतदार मोठं माणूस. त्यांना माझा रामराम. पण मंडळी, वीस पावलांवर आणखी एक दहावा चाललाय. तिच्याकडं माईक न्हाई, म्हणून ह्यो घडीभर उसना घेतो."

उपसरपंच बसल्या जागेवरनं म्हणाले, "आप्पा, ती बाई आपल्या गावची न्हाई."

"मेली कुठं?"

"मेली हितंच, पण..."

"जाळली कुठं?"

"आप्पा, विषय तो न्हाई."

"धूर आपल्या गावात गेला का दुसरीकडं?"

मागं कुणीतरी हसलं. आप्पा हसले नाहीत. "माझा बाप मेंढरं मोजायचा ती पाण्यावर. कुणाच्या कानाला कुणाची खूण हाय, ती भानगड नंतर. पाण्याला जेवढी येत्यात तेवढी आपली, तेवढ्यांची सोय लावायची. तुम्ही आधी कान बघताय. सुगंधाबाईचा जीव नळात अडकलाय. माळावर लाइन न्यायची, एवढं एक वचन..."

उपसरपंच उठले. "कुणाच्या दहाव्यात काय बोलावं ह्याचं भान ठेवा, आप्पा," म्हणाले आणि माईक काढून घेतला. आठ वाजून दहा मिनिटं. मी घड्याळ बघितलं, कारण पत्रकात वेळ लागते.

त्यानंतर थोड्याच वेळात एक कावळा आला आणि मांडवातल्या पिंडाला शिवला. बहुमत कुठं आहे ते त्यालाही कळत असावं. सगळे उठले. पायजमे झटकले, गाड्या सुरू झाल्या. उपसरपंचांनी जाताना मलाही नमस्कार केला. आमचं वैर व्यक्तिगत नाही, असं ते नेहमी सांगतात.

खालच्या पायरीवर आम्ही बसून राहिलो. नऊ वाजले. मनोजची सेकंड शिफ्ट, त्याआधी खोलीवरचं सगळं आवरायचं. गुरुजी चुळबुळत होते. "दर्भाचा कावळा करू," ते म्हणाले. "शास्त्रात सोय आहे." त्यांनी गवताच्या काड्या वळल्या, गाठ मारली आणि पिंडाला टेकवल्या. सुगंधाबाईंना हयातभर टँकर मिळाला आणि शेवटी गवताचा कावळा. नळ काय, कावळा काय, माळावरच्यांना सगळं पर्यायी.

सगळे गेले. आप्पा हलले नाहीत. मी चिडलेलीच होते.

"आप्पा, एवढी शेव टाकलीत आजवर. आज टोपी झटकायला काय झालं होतं? निदान म्हातारीला तरी खरा कावळा मिळाला असता."

"शेव बंद केली म्या. थंडीपास्नं."

थंडीत आप्पांच्या घरच्या, सरूमावशी, वारल्या होत्या. त्यांचा दहावा मला आठवतो. झाडून सगळे पुढारी आले होते, आणि जरा घाबरूनच. आज आप्पा काय मागतात कुणास ठाऊक. आप्पांनी काही मागितलं नाही. ते बोललेच नाहीत. पिंड नीट ठेवून होतो न होतो तोच कावळा आला. "भाग्याची बाई, काही इच्छा राहिली न्हाई," असं म्हणत लोक उठले. मला वाटलं होतं, आप्पांनी घाईनं टोपी झटकली असणार.

"न्हाई झटकली," आप्पा म्हणाले. "डोक्यावर व्हती. मला बघायचं व्हतं, ती कशात अडकलीय का. चाळीस वर्षं माझ्या संगं काढली. मी ह्याच्या दहाव्याला, त्याच्या दहाव्याला. ती घरात भाकरी झाकून बसलेली. काहीतरी असंलच की मनात. म्हटलं, कावळा थांबंल. मी एकेक वचन देतो, कशाला शिवतो ते बघतो. म्हंजी कळंल तरी." ते पिंडाकडं बघत होते. "त्यो लगेच आला. आता तिच्यासाठी आला, का समोर मी दिसलो म्हणून शेवंसाठी आला? कसं कळायचं? म्याच शिकवलाय."

मी पत्रकं लिहिते, त्यात अशा वेळची वाक्यं नसतात.

दर्भाच्या काड्या गोळा करत ते म्हणाले, "सुगंधाबाईचं मातर कळलंय. तिनं तोंडानं सांगितलंय. कळलेलं तरी करावं माणसानं."

मग घोंगडी उचलून ते चढ चढायला लागले. वर गेल्यावर थांबून म्हणाले, "पत्रक काढ. पण कावळ्याचं लिहू नको. माणसांना बोलव."

कावळ्याचं मी लिहिलं आहे. आप्पा रागावतील, रागावू देत. माणसांना बोलवायचं राहिलं आहे, ते आता करते.

येत्या सोमवारी सकाळी दहा वाजता ग्रामपंचायतीसमोर ग्रामसभा आहे. माळावर पाणी न्यायचा विषय कागदावर घ्यायला लावला आहे. मागच्या वेळी याच विषयाला एकट्या आप्पांनी हात वर केला होता, आणि इतिवृत्तात 'सर्वानुमते तहकूब' असं लिहिलं गेलं. आम्ही माळावरचे तिथं येऊ, मागं उभे राहू; आमचे हात मोजत नाहीत. तुमचा मोजतात. तुम्ही खोल्या बांधल्या असतील, भाडं घेत असाल, आमच्या बायकांनी रानात खुडलेली भाजी खात असाल, किंवा यातलं काहीच नसेल आणि नुसतं यादीत नाव असेल, तरी या. विषय वाचून झाला की हात वर करा. शेजारचा तुमच्याकडं बघेल, उपसरपंच नाव घेऊन हाक मारतील. ग्रामसेवक मोजून, लिहून, वाचून दाखवेपर्यंत हात खाली घेऊ नका.