मानेकडचा पिकअप आणि पंच्याहत्तर माळा

गिटारीचा मानेकडचा पिकअप बदलायचा, एवढंच रामकिसननं ठरवलं होतं. त्या एवढ्याशा गोष्टीत बायकोचं शिलाई मशीन, देवघरातली माळ आणि स्वतःची अब्रू गुंतणार आहे, हे कोणी आधी सांगितलं असतं तरी त्यानं ऐकलं नसतं. एकदा ठरवलं की ठरवलं, असा त्याचा खाक्या. (पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक म्हणून त्याचा कुठलाच निर्णय कोणी विचारत नसे, त्यामुळे सगळा निर्धार घरासाठी शिल्लक राहायचा.)

पिकअप म्हणजे गिटारीच्या तारांखाली बसवलेली छोटी डबी. आत चुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याची तार हजारो वेळा गुंडाळलेली. तार छेडली की आवाज पकडून स्पीकरकडे पाठवायचा, हे तिचं काम. मानेजवळची डबी मऊ बोलते, आणि जॅझ वाजवायचं तर तिच्यावरच. रामकिसनच्या गिटारीतली मात्र मऊ बोलायचं विसरली होती. तरुणपणी तो लग्नांच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचा. तिथं गिटारीनं फक्त ओरडायचं असतं. मनात जॅझ आणि समोर वरातीत नाचणारे व्याही, अशी बारा वर्षं गेली होती.

आता पन्नाशी उलटल्यावर नशीब जागं झालं. जालना रोडवरच्या एका हॉटेलाला दर शनिवारी संध्याकाळी लॉबीत हळुवार जॅझ वाजवणारा माणूस हवा होता. रामकिसननं जाऊन वाजवून दाखवलं. मॅनेजरनं शांतपणे ऐकलं.

"वाजवता छान," तो म्हणाला, "पण आवाज टोचतो. आमचा पाहुणा दिवसभर वेरूळ चढून-उतरून आलेला असतो. त्याला झोप यायला पाहिजे, झिणझिण्या नाही. पुढच्या शनिवारी मऊ आवाज घेऊन या. नाहीतर मी दुसरा माणूस बघतो."

हातात सहा दिवस. नवा पिकअप मागवला तर यायला तीन आठवडे. रविवार-सोमवार रामकिसननं गारखेड्याच्या घरात मोबाईलवर पिकअपचे आवाज ऐकण्यात घालवले. एकेरी वेटोळ्याचा, दुहेरी वेटोळ्याचा, जुन्या धाटणीचा. शेजारी त्याची बायको आशाबाई ब्लाऊजला हुक लावत होत्या. त्यांना परीक्षक नेमण्यात आलं.

"हा ऐक. आणि आता हा. काय फरक वाटला?"

"पयल्यात मागून गाडी गेली रस्त्यावरून," आशाबाई म्हणाल्या. "दुसऱ्यात नाय गेली."

शेवटी एका दाढीवाल्या परदेशी माणसाचा व्हिडिओ रामकिसनला पटला. त्याचं म्हणणं, बरोबर साडेसात हजार वळसे दिले की आवाज तुपासारखा. कमी पडले तर पत्रा, वाढले तर चिखल. झालं! आहे तोच पिकअप उकलायचा आणि नव्यानं गुंडाळायचा. साडेसात हजार. एक कमी नाही, एक जास्त नाही.

मंगळवारी तो पडेगावला हैदरकडे गेला. हैदर ऑर्केस्ट्रातला ढोलकवाला. आता तो शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या मोटरी गुंडाळून देतो. दुकानात गंगापूरकडच्या मोटरी ढिगानं पडलेल्या होत्या.

"तार देता मैं," हैदर म्हणाला. "लेकिन मेरे मशीनपे नक्को. ये पाच एचपी की मोटर लपेटने की मशीन है. तेरी डबी इसपे चढाया तो सीधी दौलताबाद के किल्ले में जाके पडेंगी. घर में भाभी की शिलाई मशीन है ना? उसका चाक धीरे फिराव."

बुधवारी रामकिसननं कौटुंबिक कारणासाठी किरकोळ रजा टाकली. (आयुष्यात पहिल्यांदाच कारण खरं होतं.) आशाबाईंकडे लग्नाचे अकरा ब्लाऊज शुक्रवारच्या बोलीनं आलेले. तरी त्यांनी मशीन दिलं, पण अट घालून.

"चाक मी फिरवणार अन् मोजणारबी मीच. तुम्ही मोजता मोजता गुणगुणायला लागता, मंग सत्तरावरून चाळीसवर येता."

"बरं. पण शंभर झाले की सांगायचं."

"माळ घेऊन बसते ना. येक वळसा, येक नाव. तेवढंच पुण्य पदरात. येक माळ म्हंजी शंभर. तुम्ही निसत्या रेघा मारा."

देवाचा सगळा कारभार रामकिसननं लग्नापासून आशाबाईंवर सोपवलेला होता. त्यानं मान हलवली आणि वही उघडली.

मशीनचा पट्टा काढला, चाकाला डबी चिकटवली. आशाबाईंच्या उजव्या हातात चाक, डाव्या हातात माळ. रामकिसननं दोन बोटांत तार धरली. सातव्या माळेला त्याला शिंक आली आणि तार तुटली. त्यानं जीभ चावली. चुकलं की जीभ चावायची, ही त्याची जुनी खोड. पुन्हा पहिल्यापासून. बाराव्या माळेला आशाबाईंच्या मैत्रीण चतुराबाई फॉल-पिकोची साडी घेऊन आल्या आणि दारातूनच ओरडल्या, "काय करायलेत ओ?" पुन्हा तार तुटली, पुन्हा जीभ.

तिसऱ्या खेपेला दाराला कडी लावली. मग घरात फक्त चाकाचा खुळखुळ आणि आशाबाईंचं पुटपुटणं. नवराबायको इतका वेळ गुडघ्याला गुडघा लावून लग्नाच्या होमानंतर बसलेच नव्हते. दुपार कलताना पंच्याहत्तरावी रेघ मारली गेली. आशाबाईंनी खांदा दाबला, माळ कपाळाला लावली आणि ब्लाऊज पुढे ओढले. रामकिसनला त्यांची फार माया दाटून आली. पण त्यानं विचारलं एवढंच, "नक्की शंभरच ना प्रत्येक?"

शनिवारी लॉबीत पहिला सूर वाजला आणि रामकिसनचे डोळे भरून आले. आवाज गोल होता, गरम होता. बारा वर्षं मनात ऐकलेला आवाज प्रत्यक्ष बाहेर येत होता. दोन तास तो वाजवत राहिला. शेवटी मॅनेजर हात पुढे करून आला.

"फर्स्ट क्लास! इतके लोक बसून गेले, कोणालाच कळलं नाही की इथं काही वाजतंय. आम्हाला हेच पाहिजे होतं. दर शनिवारी या."

दुसरा कोणी असता तर या कौतुकानं खचला असता. रामकिसन फुलला. रविवारी गिटार खांद्याला लावून, आशाबाईंना गाडीवर मागं बसवून तो थेट पडेगावला गेला आणि हैदरला साडेसात हजार वळशांवर व्याख्यान दिलं. "मोजमाप, हैदर! सगळा खेळ मोजमापाचा. लाव तुझा मीटर. एका माळेचा जरी फरक निघाला ना, तर शनिवारी लॉबीत उभा राहून सांगेन की हा आवाज माझा नव्हे."

हैदरनं तारेचा रोध मोजून वळसे काढायचा आपला मीटर लावला. चष्मा पुसला. परत मोजलं.

"मियाँ, साडेसात हजार तो कबके पीछे गये. ये आठ हजारके उप्पर है."

"मीटर बिघडलाय तुझा."

"पूरे तालुके की मोटरी इसी मीटरपे चल रई."

रामकिसन आशाबाईंकडे वळला. "माळ शंभरची होती ना?"

"एकशे आठाची," आशाबाई म्हणाल्या. "माळ एकशे आठाचीच असती. मोजायची शंभर. वरचे आठ चुकल्यामाकल्याचे. कुठं ध्यान हललं, कुठं नाव अर्धंच निघालं, ते त्याच्यात जिरतं. माझी आजीबी तसंच धरायची. तुम्हाला सांगितलं व्हतं की, येक माळ म्हंजी शंभर."

"हौ, बराबर तो बोले भाभी," हैदर म्हणाला.

पंच्याहत्तर गुणिले एकशे आठ. आठ हजार शंभर! वरिष्ठ लिपिकानं हिशेब तीनदा केला, तिन्ही वेळा तोच आला. दाढीवाल्याच्या मते त्याचा चिखल व्हायला हवा होता आणि झालं होतं तूप. निवडायला रामकिसन बसला होता, आवाज निवडला आशाबाईंच्या आजीनं. त्याला लाज वाटली आणि आत कुठंतरी बरंही वाटलं.

पैज ती पैज. पुढच्या शनिवारी हैदर इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या खुर्चीत येऊन बसला, शेजारी आशाबाई. दोन गाण्यांच्या मध्ये रामकिसन उभा राहिला आणि घसा खाकरून म्हणाला, "हा जो आवाज आहे, तो माझ्या मिसेसनं हातानं गुंडाळलेला आहे."

त्या लॉबीत पहिल्यांदाच टाळ्या पडल्या. लोकांनी माना वळवून आशाबाईंकडे पाहिलं. आशाबाईंनी पदर सावरला, लाजल्या आणि हसल्या. मॅनेजर लगबगीनं आला आणि रामकिसनच्या कानाशी लागून म्हणाला, "तेवढं उभं राहून बोलायचं नका करू. लोक जागे होतात."

घरी परतताना रामकिसनला राहवलं नाही. सत्तावीस वर्षांत आशाबाईंनी त्याचं वाजवणं पुरतं बसून आज प्रथमच ऐकलं होतं. "कसं झालं?" त्यानं गाडीवरून मान वळवून विचारलं.

"ग्वाड वाजलं. गाण्यातलं मला काय कळतंय? पण चुकलं की तुम्ही जीभ चावता, ते कळतंय. माळ होती हातात, येक येक मणी सोडत गेले."

"मग? आठ माफ असतात ना?"

"आठ माफच," आशाबाई म्हणाल्या. "पण आज तुमचे एकोणीस झाले."