गुडघा आहे

तिसऱ्यांदा माझं प्रमोशन हुकलं, त्या संध्याकाळी विमा ऑफिसातून घरी येताना मी एक पुस्तक विकत घेतलं. सोनेरी अक्षरांचं, जाडजूड, सकारात्मक विचार करून हवं ते ध्येय गाठायला शिकवणारं. (ज्याला प्रमोशन मिळालं त्या धम्मदीपच्या टेबलावर तेच होतं. त्यावर तो जेवणाचा डबा ठेवतो, हे मला फार उशिरा कळलं.)

चौथ्या प्रकरणात लिहिलं होतं, की घरात नकारात्मक वाक्य उच्चारलं की ध्येय एक पाऊल मागे सरकतं. माझं आधीच बरंच मागे होतं. म्हणून धायरीच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी नियम केला: 'नाही', 'दुखतं', 'संपलं', 'गेलं' हे शब्द बंद. बायको, नम्रता, दूध नासलं म्हणाली की मी तिच्याकडून 'पनीर झालं' असं वदवून घ्यायचो. चार दिवसांत तिने माझ्याशी बोलणंच सोडलं. घर शांत झालं. मी ती प्रगती समजलो.

नियम मनापासून पाळला तो सासऱ्यांनी. हिंमतराव एसटीत कंडक्टर होते. सहा महिन्यांपूर्वी सासूबाई गेल्या, तेव्हा नम्रताने त्यांना आमच्याकडे आणलं. जावयाच्या घरी राहायचं म्हणून बिचारे पंखासुद्धा विचारून लावत. नियमाच्या पहिल्याच दिवशी सवयीने म्हणाले, गुडघा दुखतोय. मी पुस्तकावर बोट ठेवलं. त्यांनी थोडा विचार केला.

"गुडघा आहे," ते म्हणाले.

सासूबाईंबद्दल बोलायचं तर 'गेली' म्हणावं लागे, म्हणून तो विषयच त्यांनी पुन्हा काढला नाही.

एका गुरुवारी सकाळी मी बूट घालत होतो. ते भिंतीला धरून बाहेर आले. कपाळावर घाम होता.

"जावईबापू, छाती आहे."

"वा, छान," मी म्हणालो आणि बस पकडायला पळालो.

अकरा वाजता नम्रताचा फोन आला. मी सिंहगड रोडवरच्या हॉस्पिटलात पोचलो, तेव्हा सासऱ्यांना नुकतंच आणलं होतं आणि डॉक्टर त्यांना काय होतंय ते विचारत होते. ते माझ्याकडे परवानगी मागितल्यासारखं बघत आणि म्हणत, छाती आहे. डॉक्टरांना वाटलं, वाचेवर परिणाम झालाय. मेंदूची तपासणी करायला ते कुणाला तरी बोलावू लागले.

"तू सांग त्यांना," नम्रता म्हणाली. "सगळं सांग."

मी चौथं प्रकरण थोडक्यात सांगितलं. डॉक्टरांनी सासऱ्यांचा ताबडतोब ईसीजी काढायला सांगितला आणि मग माझं वय विचारलं.

हार्ट अटॅक होता. नळी उघडली, जीव वाचला. पण हृदयाचा एक भाग कायमचा निकामी झाला. सकाळीच आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. नम्रताने माझ्याकडे नुसतं पाहिलं. (माझ्या नियमात बसणारं बोलायला तिच्याकडे काही नसावं.)

तिसऱ्या दिवशी मी थर्मास घेऊन वॉर्डात गेलो. पडद्याआडून सासऱ्यांचा आवाज येत होता. शेजारच्या कॉटवर अमीनभाई होते, मंडईजवळ घड्याळं दुरुस्त करणारे. त्यांना ते सांगत होते.

"आमची ही म्हणाली, खिडकी उघडा. मी म्हटलं, थांब जरा, वारा लागेल. चहा घेऊन आलो तोवर गेली. खिडकी बंदच राहिली हो."

सहा महिने हा माणूस माझ्या घरात होता आणि हे मी पहिल्यांदा ऐकत होतो, तेही पडद्यामागे उभं राहून. मग ते गुडघ्याबद्दल बोलले, झोप लागत नाही म्हणाले, इथली आमटी पाणचट आहे म्हणाले. अमीनभाई नुसते 'हं, हं' करत होते. तेवढंच करायचं होतं. मला ते कुठल्याच प्रकरणात सापडलं नव्हतं.

मी आत गेलो. बाबा, चुकलं माझं, एवढंच कसंबसं म्हणालो. त्यांनी माझ्यासाठी पाय थोडे बाजूला घेतले.

"हे कोण?" अमीनभाईंनी विचारलं.

"जावई. माणूस चांगला आहे," सासरे म्हणाले, आणि आवाज खाली आणला. "पण पुस्तकं वाचतात."

अमीनभाईंनी माझ्याकडे मोठ्या कणवेने पाहिलं.

"सुटेल हळूहळू," ते म्हणाले. "आमच्या धाकट्या भावाचंही सुटलं."