लिंबाजी मास्तरांची माती

करवतीचा आवाज ऐकून रिबका बाहेर धावली, तेव्हा तिच्या वडिलांची शवपेटी जवळजवळ निम्मी कापून झाली होती.

लिंबाजी मास्तर पहाटे गेले. निजामाच्या मुलखातल्या त्या सोनपेठेत ख्रिस्ती घर तेवढं एकच. पाद्री गंगाखेडच्या स्टेशनावर उतरून बैलगाडीनं यायचे होते, आणि ऊन असं की दिवस मावळायच्या आत माती द्यायलाच हवी होती. शेजारचा किराणा दुकानदार रेवणप्पा सकाळीच दारात येऊन उभा राहिला. तुमच्यात बी आमच्यावानी मातीच देतेत न्हवं, मग खड्ड्याचं माझ्यावर सोड, म्हणाला. रिबकानं होकारार्थी मान हलवली. रेवणप्पासारखा लिंगायत माणूस आपल्या मेलेल्याला खड्ड्यात मांडी घालून बसवतो, हे ती लहानपणापासून पाहत आली होती. पण बाप गेल्या दिवशी असली गोष्ट कुणाला आठवते?

रेवणप्पानं मजूर लावले नाहीत. जन्मभर तराजू धरलेल्या हातांनी कुदळ धरली आणि चौकोनी, पुरुषभर खोल खड्डा घेतला. आत बाजूला दिव्यासाठी कोनाडासुद्धा कोरला. मग पेटी कुठवर आली ते बघायला तो अंगणात आला, आणि किशन सुतारावर उखडला.

"मानूस हाय का ऊस? यात मास्तर बसंल कसा?"

किशननं आजवर दारं आणि बैलगाड्याच केल्या होत्या. पेटीबद्दल त्याच्या मनात आधीपासूनच शंका होती. आता शहाण्या माणसानंच ती बोलून दाखवल्यावर त्यानं करवत उचलली.

रिबका समोर आली तेव्हा दोघंही तिच्याकडं शाबासकीच्या आशेनं बघायला लागले. अंगणात अर्धं गाव जमलेलं. तिला रेवणप्पाचे तळहात दिसले. फोड फुटून ते ओले झाले होते. खरं बोलावं तर म्हाताऱ्याची चारचौघांत शोभा होणार, आणि गप्प बसावं तर बापाला परक्या रीतीनं माती मिळणार. असल्या वेळी मास्तर काय करत, हे तिला पाठ होतं. लहानपणी त्याचा तिला रागच यायचा.

"अप्पा, चूक माझी झाली," ती म्हणाली. "आमच्यात निजवतात. मी सांगायलाच विसरले."

किशननं करवत पाठीमागं लपवली. रेवणप्पा मटकन त्या कापलेल्या पेटीवर बसला. ती करकरली तसा उठला.

"तुजा बाप बी असाच," तो हळू आवाजात म्हणाला. "चुकायचो मी, अन् माफी मागायचा त्यो. एवढे साल शेजारी ऱ्हायलो, मला धड भांडू बी दिलं न्हाई त्यानं. आता तू बी तेच करायलीस?"

सकाळपासून कोरडे असलेले रिबकाचे डोळे तेव्हा भरून आले.

मग तिघं मिळून खड्ड्यावर गेले. खोल भाग भरायचा, पुढची जमीन खणून लांबी वाढवायची, आणि पेटीच्या फळ्या तळाला अंथरायच्या, असं ठरलं. गाडीतून उतरलेल्या पाद्रींना कबर दिसली ती एका अंगाला कोनाडा असलेली, आणि तिच्यात घामानं निथळणारा, कपाळाला भस्म लावलेला एक म्हातारा. हे काय झालं, असं त्यांनी विचारलं. रिबका तोंड उघडणार तोच रेवणप्पानं हात वर केला.

"पादरीसाब, कसूर माजा हाय."

चादरीत गुंडाळलेल्या मास्तरांकडं बघत, गावाला ऐकू जाईल अशा आवाजात त्यानं ते सांगितलं. या वेळी त्याला आडवं यायला कुणी नव्हतं. एवढ्या सालांचा वाद जिंकूनही त्याचा चेहरा मात्र हरल्यासारखा दिसत होता.

प्रार्थना झाली. मास्तरांना खाली उतरवलं. रेवणप्पा काठावर वाकून बराच वेळ बघत राहिला.

"बसवायचंच न्हाई म्हणतीस?"

"न्हाई, अप्पा."

"बरं हाय," तो म्हणाला आणि मूठभर माती उचलली. "सकाळी साळा, दुपारी दवा घेऊन खेडी. बसला कवा त्यो? निजू द्या."