मान्यताप्राप्त झटका

कोणताही आजार तो झालेल्या माणसाच्या एकट्याच्या मालकीचा नसतो. सुसंस्कृत घरात तो आधी वडीलधाऱ्यांपुढे मांडला जातो आणि त्यांनी मान्यता दिल्यावरच सुरू होतो. ज्या घरांत ही पद्धत नाही, तिथले रोगी सरळ दवाखान्यात पळतात आणि घरच्यांना चार शब्द बोलायची संधीच मिळत नाही.

शिवणकाम करणारे मास्तर सकाळी कोटाची बाही बेतत होते, तेव्हा त्यांच्या हातातली कात्री गळून पडली. उचलायला गेले, तर उजवा हात आपला वाटेना. तोंडाचा कोपरा ओघळला. हाक मारायला गेले, तर शब्दाऐवजी नुसता लगदा बाहेर आला.

"बाबा, दोन्ही हात वर करा बरं," मुलगी म्हणाली. एकच वर झाला. "आई, हा अर्धांगाचा झटका आहे. मेंदूकडे रक्त जात नाहीये. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या काही तासांतच देतात. जितका उशीर, तितका मेंदू जातो. ऊठ!"

मुद्दा बिनतोड होता. पण मांडणारी घरात सगळ्यांत लहान होती. त्यामुळे तो ऐकून घेऊन पुढे ढकलण्यात आला.

मास्तरांचे थोरले भाऊ, म्हणजे दादा, पलीकडच्या गल्लीत राहत. त्यांना निरोप गेला. ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले (गंभीर प्रसंगी घाई त्यांना शोभत नाही). मग शेजारीपाजारी जमले आणि दादांच्या अध्यक्षतेखाली निदान सुरू झालं. पित्त, जागरण, चुकीची उशी आणि पंखा असे चार उमेदवार पुढे आले. पंख्याला बहुमत मिळालं. पंखा बंद करण्यात आला.

अशा बैठकांत दहांपैकी सात जण सल्ला देतात, दोघं माना डोलावतात आणि उरलेला एक रोगी असतो. (त्याचं मत विचारत नाहीत. इथे तर त्याला बोलताच येत नव्हतं, त्यामुळे कामकाज सुरळीत चाललं.) मास्तर डाव्या हाताने कात्रीकडे बोट दाखवत होते. त्यांना एवढंच सांगायचं होतं: हा हात वाचवा, मला दुसरं काही येत नाही.

"पाणी मागतोय," दादा म्हणाले. पाणी पाजलं. ते हनुवटीवरून ओघळलं.

मग दुपारचा एक वाजून गेला, तेव्हा कुठे दादांनी "बरं, दाखवून तर आणू" अशी तत्त्वतः मंजुरी दिली.

"अगं, पण यांना बनियनवर कसं न्यायचं?" मास्तरांची बायको म्हणाली. तिने कपाटातून मास्तरांनी स्वतः शिवलेला शर्ट काढला. उजवा हात काही केल्या बाहीत जाईना. सगळ्यांनी मिळून घातला.

दवाखान्यातली माणसं मात्र अशोभनीय घाई करत होती. दारातच तपासणी, लगेच मेंदूचं चित्र, इंजेक्शन भरून तयार. डॉक्टरीणबाईंनी एकच प्रश्न विचारला, "हे शेवटचे ठणठणीत कधी होते?"

मुलगी तोंड उघडणार, तोच दादांनी घसा खाकरला. सगळ्यांत आधी आपल्या लक्षात आलं, हे जगाला कळायला नको? "मी तर काल संध्याकाळीच ओळखलं. चेहरा उतरला होता त्याचा."

बाईंचा हात थांबला. "कालपासून असेल तर हे देता येणार नाही. मेंदूत रक्तस्राव होईल."

"खोटं आहे! सकाळी माझ्याशी चहावरून भांडले ते!"

"थोरल्यांना खोटं पाडतेस?" आई कडाडली.

मग चौकशी झाली. साक्षीदारांना फोन लागले. अखेर दादांनी कबूल केलं की काल ते मास्तरांना भेटलेच नव्हते, फोनवर बोलले होते. चेहरा त्यांनी आवाजावरून ओळखला होता.

तोवर इंजेक्शनची वेळ टळून गेली होती.

मास्तर आता चालतात, थोडं बोलतात. उजवा हात जिथे ठेवावा तिथे राहतो. दुकान मुलगी बघते. दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "वेळीच हललो म्हणून वाचला." मास्तर तोंड उघडतात. शब्द जुळेपर्यंत दादा पुढच्या माणसाकडे वळलेले असतात.

वाचक म्हणतील, आमच्या घरी असं व्हायचं नाही. अगदी बरोबर. मागे समोरच्या घरात असंच झालं, तेव्हा दादा म्हणाले होते, "शिकली-सवरलेली माणसं ना ही?" सगळे पोट धरून हसले होते, मास्तरसुद्धा. तेव्हा त्यांना तोंडाच्या दोन्ही बाजूंनी हसता येत होतं.

वाचकांनाही तूर्त येत असेल. हसून घ्यावं.