सत्ताविसाव्या दालनावरील स्वारी

वाचकांस आशीर्वाद, आणि जे वाचीत नाहीत, केवळ पाने उलटून चित्रे पाहतात, त्यांस दोन आशीर्वाद अधिक, कारण ही हकिकत त्यांच्याच बाजूची आहे. आपण पुशिले, की मुद्रितशोधकांच्या स्वारीने परमुलखी जाऊन चित्रसंग्रहालय कैसे सर केले, ते साद्यंत लिहून कळवावे. त्यास जे घडले तेच लिहितो. पदरचे घातले असेल तर थोडेच.

खासे मुद्रितशोधक, अक्षरकुलावतंस, ऱ्हस्वदीर्घप्रतिपालक, छापखान्यात चौतीस वर्षे प्रुफे तपासून निवृत्त जाहले, परंतु डोळे काही निवृत्त होईनात. दुकानाची पाटी, औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठी, बसच्या तिकिटामागील नियम, काही म्हणून वाचल्यावाचून पाऊल पुढे टाकीत नसत. त्यांचे कुटुंब, राजमान्य बाईसाहेब, शाळेत तीस वर्षे चित्रकला शिकवून घरी आलेल्या. खाशांनी तारुण्यात एका भल्या जाड चित्रग्रंथाची प्रुफे तपासली होती, त्यात एकही चूक राहिली नाही असा त्यांचा दावा होता, आणि तोच ग्रंथ त्यांनी लग्नात बाईसाहेबांस नजर केला. दागिना करावा हे त्यांस सुचले नाही.

त्या ग्रंथाच्या चौऱ्याऐंशीव्या पानी एक चित्र, खिडकीशी बसून पुस्तक शिवणारी बाई, सुई डाव्या हाती. दुसऱ्या कोणत्या पुस्तकात ते चित्र बाईसाहेबांस कधी आढळले नाही. म्हणोन त्या ग्रंथ वर्गात नेत, आणि डाव्या हाताने लिहितात म्हणून ज्या पोरांस घरी मार बसे, त्यांच्या आईबापांस बोलावून ते पान पुढे करीत आणि फर्मावीत, की ‘एवढ्या मोठ्या चित्रकाराला डावखुरी बाई चालली, तुम्हाला का चालत नाही?’ ऐसे तीस वर्षे चालले. खाशांनी मात्र ते चित्र पाहिले नव्हते. त्याखालील ओळ पाहिली होती.

मग बाईसाहेबांनी मनी धरिले, की मूळ चित्रासमोर यजमानांस एकवार शेजारी उभे करावे आणि पाहावयास लावावे. लेकीने सुचविले, की आई, तू पुढे जाऊन बघ ना, बाबा येतील मागून. त्यावर उत्तर गेले, की ‘नुसतं बघायचं असतं तर मैत्रिणींबरोबर कधीच जाऊन आले असते.’ सबब मोहीम ठरली, आणि सहलीच्या अखेरच्या दिवशी, अकराच्या ठोक्यास, ग्रंथ काखोटीस मारून स्वारी संग्रहालयाच्या दरवाजी दाखल जाहली. चित्र वरच्या मजल्यावर, सत्ताविसाव्या दालनी. दरवाजे पाचास बंद. दुसरे दिवशी पहाटे परतीची गाडी.

पहिल्या दालनी संस्थापकांच्या चरित्राचा फलक होता. खाशांनी तो वाचिला. मग देणगीदारांची यादी वाचिली, आणि मग आग लागल्यास कोणीकडे पळावे तेही वाचिले. चित्रे भिंतीवर लटकत होती, त्यांस लटकू दिले. भोवती पर्यटकांचे सैन्य अफाट, तेही चित्रांस पाठ दाखवून स्वतःच्याच तसबिरी काढण्यात गर्क, म्हणजे चित्राकडे न पाहण्याचा जो पराक्रम खासे वाचून करीत, तो हे लोक हसून करीत. बाईसाहेबांनी तीन वेळा निकडीचा हुकूम धाडिला. तिन्ही वेळा जबाब आला, की एवढी ओळ संपली की आलोच.

चौथ्या दालनी घात जाहला. तेथील एका चित्राखालच्या पट्टीवर चित्रकार वारल्याचे साल चुकून चित्र काढिल्याच्या आधीचे पडले होते. खाशांचे रक्त तापले, खिशातील पेन्सिल बाहेर आली, आणि साल दुरुस्त होते न होते तोच पहारेकऱ्याने मनगट धरिले. मग कचेरीत रवानगी, पेन्सिल जप्त, आणि खाशांनी तक्रारवही मागितली. ती हाती येताच दुसऱ्याची एक पेन्सिल उसनी घेऊन, आपली तक्रार लिहिण्यापूर्वी, इतर लोकांनी मागील दोन वर्षांत लिहिलेल्या तक्रारी शुद्ध केल्या. ऐसे शत्रूच्या गोटात बसून शत्रूचीच चाकरी करणारा वीर विरळा. चारास दहा कमी असता सुटका जाहली, जप्त पेन्सिल बाईसाहेबांच्या हवाली जाहली, आणि खाशांनी पाचवे दालन पहिल्या शब्दापासून आरंभिले.

तेव्हा बाईसाहेब बाकावर टेकल्या. पाय भरून आलेले. राग, अबोला, रडणे, सर्व हत्यारे तीस वर्षांत वापरून बोथट जाहलेली. मग त्या उठल्या आणि अत्यंत गोड स्वरे बोलिल्या, की ‘चष्मा द्या हो जरा. पुसून देते.’ खाशांनी दिला. बाईसाहेबांनी तो पर्समध्ये टाकिला आणि चेन लाविली.

‘अगं, मला अक्षर दिसत नाहीये.’

‘लांबचं दिसतंय ना? मग चला.’

मग हात धरून जी दौड निघाली, ती सहाव्यापासून सव्विसाव्या दालनापर्यंत. राजे, सरदार, घोडे, फळांच्या परड्या मागे पडल्या, एक जिना चढिला, आणि साडेचार वाजता फौज सत्ताविसाव्या दालनी पोचली. तेथे गर्दी नव्हती. चित्र वहीएवढे. खाशांनी सवयीने खालची पट्टी धुंडिली, तो नुसता पांढरा डाग दिसे. आता वाचावयास काही उरले नाही, म्हणोन नाइलाजास्तव त्यांनी चित्र पाहिले.

पुष्कळ वेळ पाहिले. मग हळूच बोलिले, ‘हिच्या दातांत दोऱ्याचं टोक आहे. आणि अंगठा बघ, पुस्तक कसं धरलंय. दुखेल म्हणून धरतात तसं.’ बाईसाहेबांस इतका आनंद जाहला, की त्यांस चित्रच दिसेना. त्यांनी डोळे पुसले. तोवर खासे पुढे बोलिले, ‘पण ही उजव्या हातानं शिवतेय.’

ग्रंथ उघडिला. चौऱ्याऐंशीव्या पानी डावा. भिंतीवर उजवा. खिडकीही तेथे डावीकडे, आणि पानात उजवीकडे.

खाशांचा चेहरा उतरला. ‘छापताना निगेटिव्ह उलटी लागलीय,’ ते म्हणाले. ‘खालची ओळ मी तपासली होती. चित्र तपासायचं असतं हे मला सुचलंच नाही.’

बाईसाहेबांनी तीस वर्षे ज्या पानाच्या बळावर लोकांचे आईबाप नमविले, ते पानच खोटे ठरले. आम्हांसही येथे थट्टा सुचत नाही.

मग खाशांनी चष्मा मागितला आणि पेन्सिल मागितली. चूक दिसली की दुरुस्त करावी, हा त्यांचा धर्म. बाईसाहेबांनी दोन्ही वस्तू पर्समधून काढून दिल्या आणि भिंतीकडे पाहतच म्हणाल्या, ‘एक मुलगी होती. तिची आई तिचा डावा हात ओढणीनं बांधून ठेवायची. हे पान बघितलं आणि माझ्यासमोर सोडला. आता काय, चूक झाली म्हणून तिला पत्र पाठवायचं?’

खासे पेन्सिल धरून उभे. बंदची घंटा जाहली. चौथ्या दालनाचा पहारेकरी दिवे मालवीत तेथवर आला आणि पेन्सिल पाहून दाराशीच थबकला.

छापखान्याचा एक संकेत आहे, की जे बदलू नये त्याखाली ठिपके द्यावेत आणि समासात तसे लिहावे. खाशांनी चौऱ्याऐंशीव्या पानी त्या बाईच्या डाव्या हाताखाली एक एक करून ठिपके दिले, आणि समासात वळणदार अक्षरी लिहिले: ‘असू द्यावे.’ खाली सही केली. मग चष्मा काढिला आणि पहारेकऱ्याने दोनदा हटकीपावेतो चित्र पाहत राहिले.

येणेप्रमाणे पाचास चार मिनिटे कमी असता सत्ताविसावे दालन फत्ते जाहले. खाशांच्या चौतीस वर्षांच्या चाकरीत राहिलेली चूक एक. ती त्यांनी स्वहस्ते मंजूर केली, हे सर्वांस विदित व्हावे.