नववी 'ब'मधील दोन उपासांचा तह

साहेबी पुसिले जे, नववी 'ब' या मुलखात उपासांची लढाई कैसी पेटली आणि कोणे तऱ्हेने विझली, ते साद्यंत कळवणे. त्यास वर्तमान ऐसे:

मलप्पुरम प्रांती, नदीकाठच्या हायस्कुलात, अखंडितखडूअलंकृत वत्सला टीचर या वर्गाचा कारभार पाहत होत्या. ते साली रमजान आणि ख्रिस्ती लोकांचा पन्नास दिवसांचा उपास एकाच आठवड्यात सुरू जाहला, आणि पहिलीपासून एका बाकावर नांदणाऱ्या नाफिया व जिन्सी यांचा त्यावरून बिघाड जाहला. जिन्सी बोलली जे, संध्याकाळी बिर्याणीवर तुटून पडायचे तो कसला उपास. नाफियाने उलट मारा केला जे, मांसमच्छी तेवढी सोडून तीन वेळ खायचे, त्यास आमच्यात जेवण म्हणतात. मग जिन्सीने दप्तर उचलून खिडकीकडे मोर्चा नेला आणि नाफिया दाराशी जुन्याच ठाण्यावर राहिली, आणि नऊ दिवस उभयतांत शब्द नाही. टीचर फार कष्टी जाहल्या. पोरी अशाच दोन टोकांस बसून मोठ्या जाहल्या तर उद्या गावही तैसेच बसेल, या भयाने त्यांस अन्न गोड लागेना.

इतक्यात वरून फर्मान आले जे, दर गुरुवारी धर्मसंवादाचा तास घ्यावा; सोबत आदराची छापील तीस वाक्ये. टीचरांनी त्यावर भिस्त ठेवून दोघींस फळ्यापुढे उभे केले. मग नाफियाने 'आपल्या थोर परंपरेविषयी मला नितांत आदर आहे' हे पहिले वाक्य सोडिले, आणि जिन्सीने तेच जैसेच्या तैसे परत धाडिले, मग सातवे, मग अकरावे, आणि आदराचा ऐसा भडिमार जाहला की वर्ग जांभया देऊ लागला. दोघी एकमेकींकडे न पाहता भिंतीकडे पाहून आदर करीत होत्या. मसलत पुरती फसली.

तेव्हा टीचरांनी तो कागद मेजाच्या खणात कोंबिला आणि खुर्ची ओढून बसल्या.

"हे बघा, एकादशीला मी भात सोडते. आणि गव्हाचा उपमा खाते. चांगल्या तीन ताटल्या, वर केळी. आता बोला."

जिन्सी हळूच म्हणाली, "टीचर, याला उपास म्हणतात?"

"पाणीसुद्धा पिता?" नाफियाने विचारले.

"चहा पिते. दोनदा."

मग काय पुसता! दोन्ही फौजा एक होऊन टीचरांवर चालून आल्या, आणि उपम्यात तूप किती, केळी कच्ची की तळलेली, ऐसा जाबसाल करिता करिता दोघी खांद्यास खांदा लावून कधी उभ्या राहिल्या ते त्यांसही उमगले नाही. टीचरांनी एकही वार परतविला नाही.

हसता हसता नाफिया म्हणाली, "तुला मासे आठवतात का गं?"

जिन्सीचा चेहरा उतरला. "घरी मी एकटीच पाळते. पप्पा रोज बांगडा तळून घेतात. मी मागच्या पायरीवर जाऊन बसते."

नाफिया म्हणाली, "आमच्याकडे सगळेच उपाशी असतात. एकटीला मला नसतं जमलं गं."

टीचरांनी फळा पुसण्याचे निमित्त करून डोळे पुसिले. जिन्सीने आपले दप्तर दाराशी आणून ठेविले. वर पाठवायच्या अहवालात, कोणती वाक्ये उपयोगी पडली या रकान्यात, टीचरांनी 'एकही नाही' ऐसे लिहून सही केली.

मोहीम फत्ते जाहली. ठार कोणी नाही. जखमी एक, खुद्द वत्सला टीचर. काबीज मुलूख, दाराजवळील बाक, लांबी चार फूट, त्यावर दोघी. येथे मोर्तब केले असे.